कावळा, काळीज आणि फ्रेंच

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चाललाय.. फ्रेंच. गणपतीपुळ्यात, जिथे मे महिन्यातली गर्दी आणि अंगारकी हे दोन सोडून तिसऱ्या विषयावर सलग दोन दिवस कोणी बोलत नाही, तिथे फ्रेंच!

कारण आमची भाची. एम.बी.बी.एस. झाली, इंटर्नशिप झाली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे मॉन्ट्रियलला गेली. आता तिची मुलगी चार वर्षांची आहे आणि हिला परत डॉक्टर व्हायचंय. परत म्हणजे काय, तर तिकडे रेसिडेन्सी केल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालं की निदान गावात दवाखाना टाकता येतो. तिथे साधं फॅमिली डॉक्टर व्हायलासुद्धा रेसिडेन्सी लागते. तर तिचा प्रश्न असा की पुढची दोन वर्षं नीट बसून फ्रेंच शिकावं का?

घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. ताई, म्हणजे तिची आई, म्हणाली, "कॅनडात इंग्रजी चालतं ना? मग आणि हे काय नवीन?" भावोजींचं म्हणणं, त्यापेक्षा जर्मनीला जा, पुण्यात सगळी मुलं जर्मन शिकतायत. आमच्या चिरंजीवांचं मत, फोनमध्ये भाषांतर होतं, शिकायचं कशाला. सगळं ऐकून झाल्यावर भाची मला म्हणाली, "मामा, तू पंचवीस वर्षं औषधांच्या दुकानात बसून लोकांची दुखणी ऐकतोयस. तू सांग."

आता मामाला विचारलं की मामाने अभ्यास करायला हवा. तिने पाठवलेलं सगळं वाचलं, तिला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं. नात्यातल्या इतर डॉक्टर मुलामुलींनाही उपयोग होईल म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आधी व्यवहाराचं बोलू. कॅनडात रेसिडेन्सीच्या जागा 'कार्म्स' नावाच्या एका मध्यवर्ती व्यवस्थेतून भरतात. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, विद्यापीठं त्यांच्या पसंतीची देतात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. आपल्या नीट-पी.जी.सारखं नुसत्या गुणांवर नाही. शिफारसपत्रं, अनुभव, मुलाखत सगळं मोजतात. बाहेर शिकलेल्या डॉक्टरला आधी तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावं लागतं. मग मेडिकल कौन्सिलची परीक्षा, मग 'नॅक' नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, ज्यात रुग्णाचं सोंग घेतलेली माणसं समोर बसवतात. एवढं करून बाहेरून आलेल्यांसाठी जागा थोड्या आणि रांग ही एवढी.

आता क्युबेक. या प्रांतात दहातल्या आठ माणसांची भाषा फ्रेंच. वैद्यकीय शिक्षण देणारी विद्यापीठं चार. मॅकगिल इंग्रजी आणि मॉन्ट्रियल, लाव्हाल, शेरब्रुक ही तिन्ही फ्रेंच. मॅकगिलमध्ये शिकवणं इंग्रजीत असलं तरी खाटेवरचा रुग्ण फ्रेंच बोलणारा असू शकतो, त्यामुळे तिथेही सुटका नाही. त्यात १९७७ चा फ्रेंच भाषेच्या सनदेचा कायदा आहे. त्याप्रमाणे डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, कोणालाही व्यवसायाचा परवाना हवा असेल तर कामापुरतं फ्रेंच यायलाच हवं. माध्यमिक शाळेत किंवा त्यापुढे निदान तीन वर्षं पूर्णवेळ फ्रेंच माध्यमात शिकला असाल तर प्रश्न नाही, नसेल तर परीक्षा द्या. (फार्मसिस्टसुद्धा, हे वाचून मी दुकानातल्या खुर्चीवर जरा सावरून बसलो :-))

म्हणजे क्युबेकमध्ये फ्रेंच हा अर्जाला लावलेला तुरा नाही, ते अर्जाचं दार आहे. आणि हे दार बंद आहे म्हणून बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. दरवर्षी जुळणीच्या फेऱ्या संपल्या की फॅमिली मेडिसिनच्या काही जागा रिकाम्या उरतात आणि अलीकडच्या वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा क्युबेकमधल्या असतात. एकीकडे जागा रिकाम्या, दुसरीकडे टॅक्सी चालवणारे किंवा गोदामात काम करणारे परदेशी डॉक्टर. अर्थात मधली अडचण फक्त भाषेची नाही. तिथल्या डॉक्टरांच्या कॉलेजकडून आपली पदवी समतुल्य ठरवून घ्यावी लागते, पदवी घेऊन किती वर्षं झाली आणि मध्ये रुग्ण तपासले का हेही बघतात. नुसतं फ्रेंच आलं की जागा मिळाली, असं कोणी सांगत असेल तर त्याच्या क्लासची फी भरू नका.

क्युबेकबाहेर काय? ओटावा विद्यापीठात फ्रेंचमधून वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे. न्यू ब्रन्सविक प्रांत अधिकृतपणे दुभाषी आहे. तिथे फ्रेंच येणाऱ्या डॉक्टरला मान आहे. व्हँकुव्हर-कॅलगरीकडे गेलात तर फ्रेंच ही एक चांगली गोष्ट, इतकंच. अमेरिकेच्या रेसिडेन्सीच्या अर्जात कुठल्या भाषा किती येतात हे लिहायला जागा असते, पण तिथे फ्रेंचपेक्षा स्पॅनिश कितीतरी कामाची. थोडक्यात, हापूसचा भाव रत्नागिरीत वेगळा, वाशीत वेगळा, तसं आहे हे. भाषेची किंमत विचारताना आधी बाजार कुठला ते सांगायचं.

गंमत म्हणजे आमच्या भाचीला फ्रेंच 'येतं'. अकरावी-बारावीला पुण्यात होती, तिथे मराठीऐवजी फ्रेंच घेतलं होतं. पुण्यातली निम्मी हुशार मुलं हेच करतात. फ्रेंच किंवा जर्मन घ्यायचं, कारण मार्क पडतात. मेडिकलची तयारी करायची तर भाषेवर वेळ घालवायचा नाही, आणि वेळ न घालवता नव्वद मिळतात ती भाषा घ्यायची. हिला नव्वदच्या वर होते. मॉन्ट्रियलला उतरल्यावर पहिल्या आठवड्यात बेकरीत गेली, समोरच्या बाईने काहीतरी विचारलं, आणि हिला क्रियापदाची सगळी रूपं आठवली, पण 'पिशवी हवी का' एवढं कळलं नाही. मार्कांसाठी शिकलेल्या भाषेचं असंच होतं. ती पेपरात लिहिता येते, पण कानाला ऐकू येत नाही.

आणि डॉक्टरला भाषा लागते ती कानाला.

हे मला कळलं ते माझ्या दुकानात. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारचा दिवस, दर्शनाला आलेला एक तरुण टाचेला लावायला पट्टी मागत आला. डोंगराला प्रदक्षिणा घालताना पायाला लागलं होतं. बोलता बोलता कळलं की तमिळनाडूचा आहे, ऑल इंडिया कोट्यातून महाराष्ट्रात एम.डी.ला आलाय आणि सध्या इकडच्याच एका सरकारी रुग्णालयात आहे. २०२१ पासून नियमच आहे तसा, एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येकाने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करायचं. मी फार्मसिस्ट आहे म्हटल्यावर त्याने खिशातून एक छोटी वही काढली. "अंकल, एक विचारू? कावळा शिवला म्हणजे कावळा का?"

झालं होतं असं की एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हिला कावळा शिवलाय, पण फार त्रास होतोय. या बिचाऱ्याने बाईचे हात, मान, डोकं तपासलं. चोच कुठे लागली ते सापडेना. धनुर्वाताचं इंजेक्शन लिहायला घेतलं तेव्हा सिस्टर हसत हसत धावत आल्या आणि त्यांनी सांगितलं की पाळी आलीय. दुसरी एक बाई म्हणाली, "दिवस गेलेत." याने हिंदी-मराठीत तिचं सांत्वन केलं, की काळजी करू नका, चांगले दिवस परत येतील!

आम्ही दोघंही खूप हसलो. मग त्याने वहीतला पुढचा शब्द दाखवला. 'कसंतरीच होतंय.' म्हणाला, "अंकल, हा सगळ्यात अवघड. डिक्शनरीत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, नीट सांगता येत नाही म्हणून असं म्हणतात. आता पन्नाशीच्या पुढचा माणूस घाम पुसत असं म्हणाला की मी आधी ई.सी.जी. काढतो."

मी हसायचा थांबलो. कारण खरंच आहे ते. आमच्याकडे कोणी छातीत दुखतंय म्हणत येत नाही. गॅस झालाय, छातीत भरून आलंय, हात जड झालाय, जीव घाबरा होतोय, असं म्हणत येतात. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, भगभग वेगळी. कळ येऊन जाते, ठणका राहतो. हे शब्द म्हणजे रुग्णाने अर्धं निदान करून आणलेलं असतं, डॉक्टरला ते ऐकू आलं तर. नीट-पी.जी.त तुम्हाला मराठी येतं का हे कोणी विचारत नाही. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला थोडी जागा दिलीय, पण पी.जी.ला दुसऱ्या राज्यात गेलं की पुन्हा पाटी कोरी. त्या मुलाने स्वतःच्या खिशातली वही काढली म्हणून त्याला कळलं. वही न काढणारेही असतात. त्यांच्याकडचे कागद घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काय लिवलान हो? मी सांगितलेलं त्याला कळलं काय?"

भाचीला ही वहीची गोष्ट सांगितली. तिने क्युबेक सरकारच्या फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं होतंच, तिथे प्रौढांना फी पडत नाही. आठवड्याने तिचाच फोन. म्हणाली, "मामा, इकडे पण कावळे आहेत."

फ्रेंच माणूस 'माल ओ कर' म्हणतो. शब्दशः हृदयात दुखतंय. अर्थ काय, तर मळमळतंय! पोटातलं दुखणं आणि नाव हृदयाचं. 'माल ओ रँ' म्हणजे शब्दशः मूत्रपिंडं दुखतायत, आणि सांगायचं असतं की कंबर धरलीय. 'क्रीझ द फ्वा' म्हणजे यकृताचा झटका, आणि झालेलं असतं अजीर्ण, जेवण जरा जास्त झालं म्हणून. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काही नाही बाई. आपणही जेवण बाधलं की पित्त झालं म्हणतो आणि पित्त यकृतातूनच येतं. आणि आपलं काळीज? मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो यकृत देतो. आणि आपलं काळीज धडधडतं, तुटतं, पाणी पाणी होतं, तेव्हा आपण हृदयाबद्दल बोलत असतो. त्या तमिळ पोराला कोणी 'काळजात कळ आली' म्हटलं असतं तर त्याने पोट तपासायचं की छाती?

आणि सगळ्यात कडी म्हणजे, पाळी आल्याचं सांगायला फ्रेंचमध्ये एक जुना वाक्प्रचार आहे, 'इंग्रज उतरले'. इंग्रज सैनिकांच्या लाल कोटांवरून म्हणे. आमचा कावळा, त्यांचे इंग्रज. एखाद्या म्हातारीने तसं सांगितलं आणि डॉक्टरने खिडकीतून बंदराकडे बघितलं तर काय होईल, याची कल्पना करून आम्ही फोनवर पाच मिनिटं हसलो.

जर्मनीत हे ओळखून परीक्षाच तशी ठेवलीय. तिथे परवान्यासाठी बाहेरच्या डॉक्टरला साध्या भाषा-परीक्षेशिवाय वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. वीस मिनिटं रुग्णाशी बोला, वीस मिनिटांत त्याचा कागद लिहा, वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला समजावून सांगा. मला हे फार आवडलं. आधी ऐका, मग लिहा, मग सांगा. भावोजींना सांगितलं की जर्मनी सोपी नाही हो, तिथेही कान लागतो.

या निमित्ताने डॉ. रखमाबाई आठवल्या. मुंबईच्या मराठी घरातल्या. १८८९ साली लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकायला गेल्या. त्या शाळेच्या प्रमुख तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. या बाईंना इंग्लंडमधली विद्यापीठं बाई म्हणून एम.डी. देईनात, तेव्हा त्या फ्रेंच शिकल्या, पॅरिसला जाऊन परीक्षा दिल्या, अर्धशिशीवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला आणि १८७० साली पॅरिसची एम.डी. घेऊन आल्या. फ्रेंच भाषा म्हणजे बंद दाराची किल्ली, हे तेव्हापासून चालत आलंय. रखमाबाईंनीही पुढे १८९४ मध्ये एम.डी. घेतली ती ब्रुसेल्सहून.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. परत आल्यावर त्यांनी आयुष्याची बहुतेक वर्षं काम केलं सुरतेला आणि मग राजकोटला. मराठी घरात वाढलेली बाई, इंग्रजीतून शिकलेली, ब्रुसेल्सची पदवी भिंतीवर, आणि समोर रोज बसणाऱ्या बायका गुजराती. पुरुष डॉक्टरला जे सांगायचं नाही ते या बाईला सांगायला आलेल्या. पदवी कुठल्या भाषेतली होती याचं त्यांना काय! आपलं म्हणणं हिला कळतंय की नाही, एवढंच त्या बघत असणार.

तर भाचीला मी काय सांगितलं?

सांगितलं की फ्रेंच शिक, पण हिशेब बरोबर मांड. आज तुझं जेमतेम सुरुवातीचं फ्रेंच आहे. तिथून कामाच्या पातळीला यायला पाच-सहाशे तास लागतात असं शिकवणारे सांगतात. घर, मुलगी आणि कौन्सिलच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळून याची दोन वर्षं होणार. या दोन वर्षांत रुग्णांपासून तुझं अंतर आणखी वाढणार आणि अर्जात तेही दिसणार. त्यामुळे फ्रेंच आधी, मग दवाखान्याचं बघू, असं करू नको. जिथे फ्रेंच बोलणारी म्हातारी माणसं आहेत अशा ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मदतीला जा. कप भर, हात धर, पण ऐक. मुलाखतीत तुझं व्याकरण कोणी फार बघणार नाही. घाबरलेला माणूस घाईघाईने, अर्धवट शब्दांत जे बोलेल ते तुला कळतं का, हे बघतील. आणि जागा नाहीच मिळाली तर? हा प्रश्न तिनेच विचारला. मी म्हटलं, मिळेल असं मी सांगू शकत नाही. पण तुला त्याच गावात राहायचं असेल तर ही दोन वर्षं वाया जाणार नाहीत. दोन वर्षांनी गाव सोडायचं मनात असेल तर मात्र आत्ताच विचार कर. लॉटरीचं तिकीट म्हणून भाषा शिकणं फार महागात पडतं.

यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "राहायचंय रे मामा. मुलीची शाळा सुरू होईल आता." तिथल्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमच घ्यावं लागतं, थोडे अपवाद सोडले तर. म्हणजे वर्षभरात पोरगी फडाफडा फ्रेंच बोलणार. बँकेत, दुकानात, दवाखान्यात आईसाठी दुभाषा होणार. "डॉक्टर मी, आणि माझं दुखणं माझी सहा वर्षांची मुलगी सांगणार, हे मला नकोय," म्हणाली.

खरी अडचण ताईची आहे. ती फ्रेंचच्या विरुद्ध का आहे हे मला उशिरा समजलं. रेसिडेन्सी, जागा, परीक्षा यांच्याशी तिला काही घेणं नाही. तिला वाटतंय की घरात तिसरी भाषा आली की पहिली जाणार. नात आता फोनवर 'आजी, तू काय केलंस' असं विचारते. अजून पाच वर्षांनी कुठल्या भाषेत विचारेल? इंग्रजी तरी ताईला थोडं कळतं. फ्रेंचमध्ये नातीला मळमळत असेल आणि आजीला वाटायचं हृदयाचं काहीतरी झालं, असं म्हणून मी तिला हसवायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. एवढंच सांगितलं की जी मुलगी परक्या म्हाताऱ्यांचं दुखणं त्यांच्या शब्दांत कळावं म्हणून धडपडतेय, ती स्वतःच्या आईचे शब्द मुलीच्या कानावर पडू देणार नाही असं होईल का? ताई म्हणाली, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही नव्हे. हो पण नव्हे.

भाचीने कामाला सुरुवात केलीय. सध्या एका वृद्धाश्रमात दर शनिवारी जाते. तिने वही केलीय. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये इंग्रजी नाही. 'कसंतरीच होतंय'च्या समोरची जागा अजून रिकामी आहे म्हणे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरातली मुलं जर्मनीला, क्युबेकला किंवा आणखी कुठे परक्या भाषेत डॉक्टरकी करत असतील, तर त्यांचे अनुभव जरूर लिहा. भाचीला वाचून दाखवीन. आणि त्या रिकाम्या जागेसाठी कोणाला फ्रेंच शब्द माहीत असेल तर तोही कळवा.